निवडणुकीचे बिल्ले जमवायचेत? खान्देशातून सुरुवात कशी करायची

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. बिल्ले जमवतो म्हणजे आपण त्या पक्षाचे असं काही नसतं. माझ्याकडे एकाच पुठ्ठ्यावर बैलजोडी, पणती, झोपडी, हत्ती नि विळा-कणीस शेजारी शेजारी लावलेत, आणि बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की तू नेमका कोणाचा? कोणाचाच नाही ना भो, मी पत्र्याचा.

हे लिहायचं कारण म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची नवीन पोरं या नादाला लागताना दिसताहेत आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. मोबाईलवर अमेरिकेतले चकचकीत बिल्ले बघतात, किमती बघून डोळे फिरतात, मग एक तर नाद सोडतात नाहीतर कोणाकडून तरी डुप्लिकेट माल गळ्यात पडतो. माझं म्हणणं साधं आहे. बिल्ला वाचायचा कसा ते अमेरिकेच्या बिल्ल्यांवरून शिका, कारण तिथं त्याचा भरपूर अभ्यास झालाय, पण जमवा आपल्या तालुक्याचे. ते कोणी जमवत नाही, त्यामुळे अजून मिळतात, आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते वाचताही येणार नाहीत.

पहिली पायरी : बिल्ला आला कुठून ते समजून घ्या

हा भाग बोअर वाटेल पण सोडू नका, नंतर नकली माल ओळखताना हाच कामाला येतो.

१७८९ ला जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या शपथविधीच्या निमित्ताने पितळेची बटणं निघाली होती. काहींवर त्यांच्या नावाची आद्याक्षरं आणि अध्यक्ष चिरायु होवोत अशा अर्थाचा मजकूर. ही खरीखुरी कोटाला शिवायची बटणं होती, टाचणी-बिचणी काही नाही. नंतर अँड्र्यू जॅक्सनच्या काळात नाण्यासारख्या चकत्या आल्या, वर भोक पाडून रिबिनीत ओवून छातीवर लटकवायच्या. मग १८६० ला अब्राहम लिंकनच्या प्रचारात मोठी उडी बसली, कारण फोटो आला. पातळ लोखंडी पत्र्यावर काढलेला छोटा फोटो, त्याला पितळी कड, काहींच्या एका बाजूला लिंकन आणि दुसऱ्या बाजूला उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅम्लिन. तोपर्यंत आपण ज्याला मत देतोय तो दिसतो कसा हे बहुतेक लोकांना माहीतच नसायचं.

पण आपण आज ज्याला बिल्ला म्हणतो तो गोल, चकचकीत, मागे टाचणीवाला, तो जन्माला आला १८९६ ला. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात व्हाइटहेड अँड होग नावाची कंपनी होती, तिने याची पेटंटं पदरात पाडून घेतली आणि धडाधड माल काढला. रचना नीट लक्षात ठेवा. खाली पत्र्याची वाटी, त्यावर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, हे सगळं कडेने आत वळवून मागून एक कडं दाबून बसवलेलं आणि त्या कड्यात स्प्रिंगसारखी तारेची टाचणी. मागच्या पोकळीत बऱ्याचदा एक गोल कागद चिकटवलेला असतो, त्यावर कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा. जाणकार माणूस बिल्ला हातात आला की पुढचं तोंड नंतर बघतो, आधी उलटा करून हा कागद बघतो.

त्या १८९६ च्या निवडणुकीत मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन अशी लढत होती आणि भांडण होतं सोन्या-चांदीचं. मॅकिन्लीची बाजू म्हणे चलन सोन्यावरच पाहिजे, ब्रायनची बाजू म्हणे चांदीही चालली पाहिजे, सोळा भार चांदी बरोबर एक भार सोनं या हिशोबाने. म्हणून ब्रायनच्या बिल्ल्यांवर 'सोळाला एक' असं लिहिलेलं असायचं आणि मॅकिन्लीवाले सोनेरी किड्याच्या आकाराच्या पिना लावून फिरायचे. बाहेरच्या माणसाला हे समजवायला अर्धा तास लागतो, जळगावच्या सराफ बाजारात मी कोणालाही सांगितलं की दोन मिनिटात कळतं. सिगारेटच्या कंपन्या तर पाकिटाबरोबर हे बिल्ले फुकट वाटायच्या, त्यामुळे त्या वर्षाचे बिल्ले अजूनही इतके मिळतात की नवख्या माणसाला सव्वाशे वर्षं जुना बिल्ला तुलनेने स्वस्तात मिळू शकतो. जुनं म्हणजे महाग हा गैरसमज इथंच संपवा. महाग असतं ते कमी बनलेलं. १९२० ला कॉक्स आणि फ्रँकलिन रूझवेल्ट या जोडीचे दोघांच्या फोटोचे बिल्ले फार थोडे निघाले, ती जोडी हरली, आणि आज त्या बिल्ल्यासाठी लोक वेडे होतात. रूझवेल्ट तेव्हा उपाध्यक्षपदाला उभे होते, अध्यक्ष झाले ते पुढे १९३२ ची निवडणूक जिंकून.

१९२० च्या आसपास दुसरा बदल झाला. कागद नि सेल्युलॉइड काढून टाकलं आणि थेट पत्र्याच्या शीटवर रंग छापून त्यातून गोल बिल्ले पंच करायला लागले. याला लिथो म्हणतात. स्वस्त पडतं, लाखांनी निघतं, पण ओरखडा गेला की रंग गेला आणि पाणी लागलं की गंज. इथून पुढे नुसत्या घोषणांचे बिल्ले बोकाळले. १९४० ला रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा विरोधी विल्कींच्या लोकांनी तिसरी टर्म नको म्हणून इतक्या प्रकारचे बिल्ले काढले, एकात तर आम्हाला एलिनॉरपण नको म्हणजे त्यांची बायकोही नको असं छापलं होतं. १९५२ चं आयसेनहॉवरचं 'आय लाईक आईक' (आईक म्हणजे त्यांचंच लाडकं नाव) तुम्ही कुठं ना कुठं बघितलंच असेल. माझा आवडता मात्र १९६४ चा, बॅरी गोल्डवॉटरचा. त्यावर नावच नाही, नुसतं केमिस्ट्रीचं सूत्र, सोन्याची खूण एयू आणि पुढे पाण्याचं एच टू ओ. गोल्ड वॉटर! दहावीच्या पोराला दाखवा, खूश होतो.

इंग्लंडमध्ये बायकांच्या मताधिकाराची चळवळ चालली होती तेव्हा १९०८ पासून जांभळा, पांढरा, हिरवा असे रंग ठरले आणि त्याच रंगांचे बिल्ले निघाले. १९५८ ला अण्वस्त्रविरोधी चळवळीची ती वर्तुळातली खूण आली, तिचे सुरुवातीचे बिल्ले चक्क भाजलेल्या मातीचे होते. का तर अणुबॉम्ब पडला तरी ते शिल्लक राहतील म्हणून. असो, आपल्याकडे येऊ.

दुसरी पायरी : आपला बिल्ला वाचायला शिका

आपल्याकडे मामला वेगळा आहे. तिथं चेहरा आणि घोषणा, इथं निशाणी. १९५१-५२ ची पहिली निवडणूक पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी घेतली तेव्हा मतदारांतले बहुतेक लोक वाचू शकत नव्हते, म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र दिलं. आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते की तेव्हा शिक्का मारायचाच नव्हता, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याची निशाणी, आपण चिठ्ठी घ्यायची नि पाहिजे त्या पेटीत टाकायची. १९५७ लाही तसंच. कागदावर सगळी नावं नि त्यावर शिक्का ही पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत आली १९६२ पासून.

आता याचा बिल्ल्याशी काय संबंध? फार मोठा. बिल्ल्यावर किंवा सोबतच्या पत्रकावर क्रियापद काय आहे ते बघा. 'शिक्का मारा' असेल तर तो १९५२ चा असूच शकत नाही, विकणारा कितीही शपथा घेवो. 'बटण दाबा' असेल तर मशीन आल्यानंतरचा, आणि मशीन देशभर सगळीकडे आलं २००४ च्या लोकसभेला, त्याआधी काही वर्षं ठिकठिकाणी. 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' ही घोषणा ज्यांनी लहानपणी जीपमागे पळत ऐकली त्यांना पुढचा शिक्का पाठच असेल. एका क्रियापदावरून वीस-चाळीस वर्षांचा फरक कळतो.

दुसरी खूण म्हणजे निशाणी स्वतः. ही यादी पाठ करून टाका, दोन दिवसात होते. काँग्रेसची बैलजोडी १९५२ पासून १९६९ च्या फुटीपर्यंत. मग बैलजोडी गोठवली गेली आणि १९७१ ला इंदिराबाईंचा पक्ष गाय-वासरावर लढला तर समोरची जुनी काँग्रेस चरखा चालवणाऱ्या बाईवर. १९७८ पासून इंदिरा काँग्रेसचा पंजा. जनसंघाची पणती. समाजवादी पक्षाचं वडाचं झाड, नंतर प्रजा समाजवादीची झोपडी. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. भाकपचं विळा-कणीस, आणि मार्क्सवाद्यांचा विळा-हातोडा-तारा, या दोघांची गल्लत करू नका, त्यांना राग येतो. १९७७ ला जनता पक्ष म्हणजे चक्रातला नांगर घेतलेला शेतकरी. कमळ १९८० नंतर. जनता दलाचं चक्र १९८९ च्या सुमाराचं. राष्ट्रवादीचं घड्याळ १९९९ पासून. आणि आत्ताचं तर विचारूच नका, २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत धनुष्यबाण, मशाल, ढाल-तलवार, घड्याळ, तुतारी अशी जी काही उलथापालथ झाली ती जमवणाऱ्यासाठी सोन्याची खाण आहे कारण तोच चेहरा, तेच नाव आणि निशाणी वेगळी असे जोड बिल्ले मिळतात. ते आत्ताच उचला, वीस वर्षांनी शोधत बसाल.

जुन्या घोषणाही निशाण्यांवरच चालायच्या. जनसंघवाले म्हणायचे 'जली झोपडी भागे बैल, यह देखो दीपक का खेल' आणि काँग्रेसवाले उलटून म्हणायचे 'इस दीपक में तेल नहीं, सरकार बनाना खेल नहीं'. यात तीन पक्ष आहेत, नाव एकाचंही नाही. निशाण्या माहीत नसतील तर हे काय चाललंय ते कळणारच नाही.

तिसरी खूण खास आपली खान्देशी, आणि ही बाहेरच्या विक्रेत्याला माहीत नसते म्हणून आपला फायदा. गावा-जिल्ह्यांची नावं बघा. 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' छापलेलं असेल तर ते १९६० पर्यंतचं, त्यानंतर जळगाव नि धुळे जिल्हे अशी नावं झाली. नंदुरबार जिल्हा लिहिलंय म्हणजे १ जुलै १९९८ नंतरचं, त्याआधी सगळं धुळ्यातच होतं. 'एरंडोल लोकसभा' असेल तर २००९ च्या आधीचं, कारण त्या वर्षीपासून रावेर मतदारसंघ आला आणि एरंडोल गेला. एदलाबाद लिहिलंय म्हणजे आजचं मुक्ताईनगर. प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावातून पहिल्यांदा आमदार झाल्या आणि पुढे एदलाबादमधूनच १९८५ पर्यंत निवडून येत राहिल्या, त्या एवढ्या वर्षांत काँग्रेसची निशाणी बैलजोडीवरून गाय-वासरू आणि मग पंजा झाली. नुसता एका मतदारसंघाचा संच लावायचा ठरवलं तरी आयुष्य पुरेल असं काम आहे.

आणि धुळेकरांसाठी एक. १९५७ ला जनसंघाचे अख्ख्या देशात चार खासदार निवडून आले, त्यातले एक वाजपेयी आणि एक आपल्या धुळ्याचे उत्तमराव पाटील. त्या निवडणुकीतला धुळ्याकडचा पणतीचा बिल्ला कोणाच्या घरात सापडला तर तो विकू नका, मला दाखवायला आणा. गंमत नाही करत.

तिसरी पायरी : एक बिल्ला हातात घेऊन बघा

समजा गाय-वासराचा पत्र्याचा बिल्ला मिळाला. रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्यापेक्षा जरासा मोठा. भिंग घ्या, दहा पटीचं पुरतं, सराफ वापरतात ते. आधी छपाई बघा. जुन्या स्वस्त छपाईत दोन-तीन रंग असतात आणि ते एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, गाईच्या पाठीचा रंग रेषेच्या बाहेर केसभर सरकलेला दिसतो. तो दोष नाही, ती ओळख आहे. आजचा कम्प्युटर प्रिंट काढून बनवलेला असेल तर भिंगाखाली बारीक बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि रेषा सगळ्या गुळगुळीत. मग कड बघा. वळवलेल्या काठावर कधी कधी बनवणाऱ्याचं नाव अगदी मुंगीएवढ्या अक्षरात असतं. मग उलटा करा. गंज कुठं आहे? खरा जुना गंज टाचणीच्या जोडापाशी आणि काठाच्या आत धरतो, जिथं घाम नि पाणी साठतं तिथं. सगळीकडे सारखा तपकिरी रंग दिसला तर कोणीतरी मीठ-लिंबू लावून रात्रभर ठेवलाय समजा.

वास पण घ्या. हसू नका. सेल्युलॉइडला बोटाने चोळलं की कापरासारखा हलका वास येतो, आजच्या प्लॅस्टिकला येत नाही. पण काडी लावून टेस्ट करायचा शहाणपणा करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

चौथी पायरी : शोधायचे कुठं

दुकानात मिळत नाहीत, हे आधी मान्य करा. मिळतात घरांत. गावातला प्रत्येक जुना कार्यकर्ता, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्याकडे एक पेटी असतेच, त्यात पत्रकं, मतदार यादीचे चिठोरे, एखादी टोपी आणि तळाशी दोन-चार बिल्ले. जाताना एकदम बिल्ल्याचं काढू नका. चहा होऊ द्या, कोणत्या साली कोणाचा प्रचार केला ते विचारा, सायकलवर किती गावं फिरले ते ऐका, ते ऐकणं म्हणजेच अर्धा संग्रह आहे. मग विचारा, काका, एखादा बिल्ला शे का? बहुतेकदा उत्तर येतं, "कव्हयच हारपी ग्यात भाऊ, पोऱ्यास्ना खेयमा." म्हणजे कधीच हरवले, पोरांच्या खेळात. आणि मग घरातली आजी आतून उठून गोधड्यांच्या पेटीतून डबा काढून आणते. बायकांनी बिल्ले बटणांच्या डब्यात ठेवलेले असतात, कारण त्याची टाचणी कामाला येते. ब्लाऊजचं हूक तुटलं की तीच.

दुसरं ठिकाण भंगारवाले नि रद्दीवाले. भुसावळ, जळगाव, धुळे, अमळनेर, जिथं राहता तिथल्या दोन-तीन जणांशी ओळख ठेवा आणि नंबर देऊन ठेवा. वजनावर घेतलेल्या मालातून ते बाजूला काढून ठेवतात, फक्त एकदा तरी चांगले पैसे द्या म्हणजे त्यांना लक्षात राहतं.

तिसरं आणि सगळ्यात सोपं, निकालाच्या दुसऱ्या दिवशी पक्षांची प्रचार कार्यालयं. विशेषतः हरलेल्यांची. मांडववाला खुर्च्या उचलत असतो आणि कोपऱ्यात न वाटलेल्या बिल्ल्यांचं खोकं पडलेलं असतं, मागितलं की देतात, उलट म्हणतात घेऊन जा सगळंच. तिथं जरा तोंड लहान ठेवून बोला, माणूस हरलेला असतो.

चौथं कोणाच्या डोक्यात येत नाही ते, सहकाराच्या निवडणुका. बाजार समिती, दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षकांची पतपेढी. पॅनल असतं, पॅनलला निशाणी असते, कपबशी, छत्री, विमान, काय वाट्टेल ते, आणि बिल्ले निघतात शे-दोनशेच. लोकसभेचा बिल्ला हजारोंनी निघतो, हे शंभरात. कमी बनलेलं काय ते वर सांगितलंच. पण एक अडचण, अपक्ष नि पॅनलच्या निशाण्या दर निवडणुकीला बदलतात, आज कपबशी याची, पुढच्या वेळी त्याची, त्यामुळे नाव आणि साल लिहून ठेवलं नाही तर वर्षभरात तुम्हालाच सांगता येणार नाही की ही कपबशी कोणाची.

स्वातंत्र्याआधीचं हवं असेल तर आपल्याकडचं मोठं नाव फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथं भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, बांबू वगैरे साध्या सामानातून सगळी नगररचना चित्रकार नंदलाल बोसांनी सजवलेली, आणि साने गुरुजी त्याच्या तयारीसाठी गावोगाव फिरलेले. अशा अधिवेशनांत प्रतिनिधी, स्वयंसेवक, स्वागत समिती यांच्या छातीवर बिल्ले असायचे. यावल-रावेर पट्ट्यातल्या जुन्या घरांत चौकशी करायला हरकत नाही, पण तसलं काही मिळालं तर आधी फोटो काढून कागदोपत्री नोंद करा, आणि घरच्यांना विकायची घाई करू देऊ नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन एकदा बघून या की जुनी कागदपत्रं-वस्तू जपतात कशा, डोळे उघडतात.

पाचवी पायरी : फसू नका

अमेरिकन बिल्ल्यांत नकला भरमसाट आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नकला फसवायला नव्हे तर जाहिरातीसाठी बनवलेल्या होत्या. १९६८ ला टिश्यू पेपरवाल्या क्लीनेक्सने आणि १९७२ ला अमेरिकन ऑइल कंपनीने जुन्या बिल्ल्यांच्या कॉप्यांचे संच वाटले, काठावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. लोकांनी काठ घासले आणि जुने म्हणून विकले. शेवटी १९७३ ला तिथं कायदाच आला की राजकीय वस्तूची नक्कल काढाल तर त्यावर बनवल्याचं साल टाका. म्हणून काठ घासलेला दिसला की सोडून द्या, स्वस्त असला तरी.

दोन नियम एवढे लक्षात ठेवा. जो बिल्ला मुळात सेल्युलॉइडचा होता तो थेट पत्र्यावर छापलेला दिसला तर ती कॉपी. आणि १८९६ च्या आधीच्या माणसाचा टाचणीवाला गोल सेल्युलॉइडचा बिल्ला प्रचारातला असू शकत नाही, लिंकनचा तसा बिल्ला असतो पण तो नंतर आठवण म्हणून काढलेला.

आपल्याकडे मात्र फसवणूक वेगळ्या वस्तूंत होते. सुभाषबाबूंचे नि आझाद हिंदचे म्हणून जड पितळी बिल्ले विकतात, काळपट, वजनदार, एकदम जुने वाटणारे, आणि विक्रेत्याकडे त्याच्यासारखे अजून दहा असतात. दहा असले की चहा पिऊन निघायचं. उलट गाय-वासराचा पत्र्याचा फाटका बिल्ला कोणी सहसा नकली बनवत नाही कारण त्यात पैसाच नाही. नवख्याने म्हणूनच तिथून सुरुवात करावी.

सहावी पायरी : खान्देशातल्या उन्हात बिल्ला जपायचा कसा

बाहेरच्या पुस्तकी सल्ल्यात आपला मे महिना धरलेला नसतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवलेल्या ट्रंकेत काय होत असेल विचार करा. सेल्युलॉइड पिवळं पडतं, आकसतं, काठाला तडकतं. म्हणून माळा नाही, गच्चीवरची खोली नाही, पश्चिमेच्या भिंतीचं कपाट नाही. घरातली सगळ्यात थंड आतली खोली आणि कपाटाचा खालचा कप्पा. मग पावसाळा येतो आणि उलटा त्रास, दमट हवेने आतल्या कागदावर तपकिरी ठिपके पडतात आणि ते एकदा पडले की निघत नाहीत, तेव्हा जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या टाका.

डांबर गोळ्या अजिबात नको. आपल्याकडे सवय असते कपाटात टाकायची, पण त्याच्या वाफेने प्लॅस्टिक चिकट होतं. सेल्युलॉइडचे बिल्ले बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, हवा लागेल असे, बंद डब्यात कोंडू नका. नोटा-नाण्यांचे ते मऊ वासाचे प्लॅस्टिक अल्बम मिळतात ना, तेही टाळा, उन्हाळ्यात ते बिल्ल्याला चिकटतात. जाड पुठ्ठा, वर सुती कापड, त्यावर बिल्ले, आणि वरून काचेची फ्रेम, कुठलाही फ्रेमवाला करून देतो.

धुवायचं नाही. पाणी सेल्युलॉइडच्या खाली शिरतं आणि कागद फुगतो. मऊ कोरडा ब्रश, बस. पितळी असेल तर घरातलं कोणी चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करायला घेईल, आधीच सांगून ठेवा. काळपट थर गेला की बिल्ल्याचं वय गेलं.

सातवी पायरी : लिहून ठेवा

बिल्ला मिळाला त्याच संध्याकाळी. छोटं पाकीट, त्यावर नंबर, वहीत त्याच नंबरला कुठं मिळाला, कोणाकडून, त्यांनी काय सांगितलं, कोणती निवडणूक. दोन्ही बाजूंचे फोटो. त्याच पेटीत पत्रक सापडलं असेल तर तेही घ्या, कारण निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाकणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कोणत्या गावच्या प्रेसमध्ये छापलं ते कळतं आणि बिल्ल्याचा काळ पक्का होतो. माणसाचं नाव वहीत लिहा पण ते विचारून, काहींना आपण कधीकाळी कोणाचा प्रचार केला हे आता सांगायचं नसतं, पक्ष बदललेला असतो. ऐकलेलं आणि पक्कं यात फरक ठेवा, 'काका म्हणतात १९६७' असंच लिहा.

राहता राहिलं घालायचं. घरी, मित्रांत, प्रदर्शनात खुशाल लावा, पण मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत जुना असला तरी पक्षाचा बिल्ला छातीवर नको, तिथं प्रचाराला बंदी आहे आणि पोलिसाला तुम्ही संग्राहक आहात हे समजावत बसावं लागेल. अमेरिकेतही हाच वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. मिनेसोटात मतदान केंद्रात राजकीय बिल्ले नि शर्ट घालायला सरसकट बंदी होती, २०१८ ला कोर्टाने ती रद्द केली, का तर राजकीय कशाला म्हणायचं हेच त्या कायद्यात धड ठरवलेलं नव्हतं.

आणि अदलाबदलीसाठी एकाच बिल्ल्याचे दोन-तीन नग नेहमी जवळ ठेवत जा. पैशापेक्षा अदलाबदलीत जास्त मिळतं. समोरच्याला कमळाचा हवा असतो, तुम्हाला वडाच्या झाडाचा, दोघंही खूश. दोन्हीकडून बिल्ला आधी उलटा करून बघायचा, मागची टाचणी शाबूत आहे का ते तपासायचं, आणि मगच हो म्हणायचं.